लाइन ठीक आहे

मॅनेजरसाहेबांनी मेमो माझ्या टेलिफोन बोर्डावरच ठेवला: काल मालकांचा मुंबईचा कॉल मधेच तुटला, पाचच्या आत कारण लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मुंबईचा कॉल आधी आमच्या पांढुर्ण्याच्या ऑफिसात येतो. तिथल्या वच्छलाताई तो मला सौंसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जोडून देतात. तीन वर्षांत त्यांचं तोंड पाहिलं नाही, फक्त आवाज ओळखते. दहाला त्यांची रोजची लाइन टेस्ट आली. "हॅलो सौंसर, आवाज येऊन राहिला काय?" "येऊन राहिला." "मंग असा रडका काहून व बाई?" साहेब माझ्या मागंच बसले होते. म्हटलं, "लाइन ठीक आहे, पांढुर्णा." त्या समजल्या. "मेमो भेटला न? बोलू नको, आयकत राय. तो कॉल माह्या हातून तुटला. दोन रातीची जागी होती, डुलकीत हात लागला, कॉर्ड निघाली. लिहून दे माह्यं नाव." मी कॉर्ड बोटाला इतकी गुंडाळली की नख पांढरं पडलं. मग कागद ओढून लिहिलं: काल दिवसभर लाइन खराब होती. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि मी रोज भरते ते लाइन टेस्टचं रजिस्टर मागितलं. तेव्हा मला आठवलं, कालच्या पानावर माझ्याच अक्षरात 'लाइन ठीक' लिहिलं होतं. साहेब थुंकी लावून एकेक पान उलटून राहिले होते, आणि कानात वच्छलाताई विचारून राहिल्या होत्या, "हॅलो सौंसर, आवाज येऊन राहिला काय?"