वेळापत्रकात सेंट ओडिलो नाही

मार्लिसने गावच्या कॉलेजच्या आइस हॉकीचं नवं वेळापत्रक आपल्या हॉटेलातल्या कॉफीच्या मशीनवर चिकटवलं आणि तौनोने ते दोनदा वाचलं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. सेंट ओडिलो कॉलेजचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"बघत काय बसलास, सगळ्यांना कॉफी पाज," ड्वेन म्हणाला. "गेली एकदाची ब्याद. तुझीच कृपा."

ड्वेनचं गॅरेज शेजारीच आहे. जुलैत बर्फ नाही, हॉकी नाही, तेव्हा तो दुपारभर मार्लिसच्या हॉटेलात बसून कुठली लीग भारी आणि कुठली फुसकी यावर लोकांचं डोकं खातो. सेंट ओडिलोवाले आपली लीग सोडून दुसऱ्या लीगमध्ये गेले, तेव्हापासून तर त्याला भलताच जोर चढलाय.

"लीगबाहेरचे सामने ठेवता येतात की," तौनो म्हणाला. "जानेवारीत हा एक शुक्रवार-शनिवार मोकळा आहे. हा बघ."

"त्यांच्याशी? अरे, ती लीग म्हणजे नुसता भुसा. त्यांना हरवलं तर क्रमवारीत काडीचा फायदा नाही, आणि चुकून हरलो तर मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेवर पाणी. कशाला हे विकतचं दुखणं?"

"आपले बाप खेळले त्यांच्याशी."

"बापांना क्रमवारी नव्हती. आणि काय रे, वसंतातल्या जेवणात भर सभेत उभं राहून कोण बोंबललं होतं? या भामट्यांचं तोंड पुन्हा बघायचं नाही म्हणून?"

मार्लिस हसली. तौनोला हसू आलं नाही.

हंगाम संपला की चाहत्यांचं जेवण होतं, आणि दर वर्षी तौनो उठून हेच म्हणतो. लोक टेबलं बडवतात. जेवणानंतरच्या कॉफीसारखं ते ठरलेलंच असतं. पण यंदा गावच्या कॉलेजने खेळांसाठी नवा साहेब आणला, ॲरिझोनाचा. तो बिचारा मान डोलावत मन लावून ऐकत राहिला. त्याला वाटलं, लोकांना सेंट ओडिलोची टीम खरंच नको आहे, म्हणून त्याने लीगबाहेरचेही सामने ठेवले नाहीत. आता याला काय म्हणावं? उन्हात वाढलेल्या त्या माणसाला कोण सांगणार, की इथे ज्याला शिव्या घालायच्या त्याचीच वर्षभर वाट बघायची असते?

तौनोचा फोन वाजला. लॉर्न होता.

लॉर्न सेंट ओडिलोवाला, राहतो सरोवराच्या पार त्या टोकाला. इथे सामने असले की शुक्रवारी गाडी काढून येतो आणि तौनोच्या सोफ्यावर झोपतो. रविवारी सकाळी ज्याची टीम हरली त्याने दुसऱ्याची जर्सी घालून भांडी घासायची, असा दोघांचा रिवाज. तौनोची बायको हेल्मी गेल्यापासून त्या घरात रात्रीला दुसरं माणूस राहिलं असेल, तर हा लॉर्नच. तौनोची मुलगी टेक्ससला असते, फोन करते.

"स्पीकरवर टाक," ड्वेन म्हणाला. "आम्हालाही ऐकू दे की मजा."

तौनो फोन घेऊन बाहेर गाड्यांपाशी गेला. ऊन चांगलंच होतं आणि माश्या चावत होत्या.

"शेपूट घातलीत ना शेवटी?" लॉर्नने सुरुवातच केली.

"आम्ही? पळून कोण गेलं त्या भिकार लीगमध्ये? तिथे शाळेतली पोरं खेळतात म्हणे."

"तुमच्या गोलकीपरपेक्षा बरी खेळतात. त्याच्या जागी खुर्ची ठेवली असती तरी गोलात जाणाऱ्या चार चकत्या जास्त अडल्या असत्या."

"आणि तुमचा कोच अजून बुटांच्या नाड्या बांधायला शिकतोय."

असं बराच वेळ चाललं. तौनोला फार बरं वाटलं. हातवारे करत तो गाड्यांमधून फेऱ्या मारत होता. मग दोघांचंही बोलणं संपलं, पण फोन कुणी ठेवला नाही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता.

"लॉर्न," तौनो म्हणाला.

"हं."

"तू ये की तरीपण. जानेवारीत. सोफा आहे तसाच आहे."

"सामना कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही. असाच ये."

"असाच?" लॉर्नचा आवाज एकदम म्हातारा वाटला. "मग दोन दिवस बोलायचं काय रे आपण?"

तौनोने खरंच विचार केला. हेल्मीबद्दल ते कधी बोलले नव्हते. ती गेली त्या हिवाळ्यात लॉर्न आला होता, तेव्हासुद्धा पंचाच्या नावाने खडे फोडण्यात सगळी संध्याकाळ गेली होती. लॉर्नला मुलं किती, ती कुठे असतात, हे तौनोला माहीत नव्हतं. आता या वयात विचारायचं तरी कसं?

"तसे जानेवारीत रस्तेही खराबच असतात," तो म्हणाला.

"असतात खरे," लॉर्न म्हणाला. "बघू."

फोन बंद झाला तरी तौनोने तो कानाशीच धरून ठेवला. काचेपलीकडे ड्वेन खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. त्याने मूठ उंचावून जोरात हलवली: वा पठ्ठ्या, चांगली जिरवलीस. त्याच्यामागे मार्लिसही हसत होती.

तौनोने रिकामा हात वर केला आणि मूठ वळली.