दह्याच्या डब्यातला झेंडू

“अगं, हा झेंडू नव्हे, गांजा आहे! टीव्हीवर रोज दाखवतात हे पान,” श्रीरंग बायकोवर, उत्तरावर कडाडला. “मंगळवारी अमेरिकन सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. आत्ताच्या आत्ता उपट!” आणि तो गराजकडे गेला. लेकीनं कॉलेजला जाताना दह्याच्या डब्यात लावून ठेवलेलं ते रोप उत्तरानं महिनाभर खिडकीत तुळशीशेजारी जपलं होतं, दसऱ्याला फुलेल म्हणून. आता त्यानं मान टाकली होती. तिनं देठ चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. तेवढ्यात फोन वाजला. बापाशी भांडून गेलेली लेक दर रविवारी एवढंच विचारायची, “आई, हाउज माय प्लांट?” “सुकत चाललंय गं.” लेक हळूच म्हणाली, “वाचलं तर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यायला येईन.” उत्तरानं रिसीव्हर मानेशी दाबला, उदबत्तीच्या घरातली विझलेली काडी ओढली आणि रोपाला टेकू देत म्हणाली, “वाचतंय. तू तिकीट काढ.”