मागे राहणारं व्हायोलिन

बँकेत नोकरी करणाऱ्या फर्डिनंडनं पहिल्यांदाच अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी रचना केली होती. गावातल्या वादकांकडून ती चर्चच्या हॉलमध्ये वाजवून घेतली आणि कॅसेट घेऊन तो माणिकपूरला, आपल्या जुन्या संगीतशिक्षकांकडे गेला.

डिमेलो सरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"चाल गोड आहे रे. पण एक व्हायोलिन सतत मागे राहतंय. ते काढून टाक."

फर्डिनंड घुटमळला. "सर, ती प्रिस्का आहे, माझी बायको. लकव्यानंतर पहिल्यांदाच व्हायोलिन हातात घेतलंय तिनं."

सरांनी कॅसेट रिवाइंड करून पुन्हा शेवटपर्यंत ऐकली.

"मग चूक तुझी आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना एवढं पळवतोस कशाला?"