नळ्यांच्या बाहेरचं तेल

"एवढ्या बारीक नळ्या कशाला? एकच जाड नळी न्हाई चालायची?" पिंपाच्या उघड्या तोंडाशी वाकून चतुराबाईंनी विचारलं.

नवऱ्यामागं सेलूची तेलगिरणी त्याच चालवत होत्या. सरकीचं गरम तेल गार करायला हे लांबलचक आडवं पिंप नुकतंच आलं होतं. ते बसवणारा बन्सीधर हैदराबादेत शिकलेला. त्याचं हे पहिलंच काम. त्यानं सांगितलं, जाड नळीच्या मधोमध वाहणारं तेल धातूला शिवतच नाही, तसंच गरम निघून जातं. बारीक नळ्यांत सगळं तेल शिवतं. बाहेरून गार पाणी खेळतं. पिंपातल्या आडव्या पट्ट्या त्या पाण्याला सरळ पळू देत नाहीत, वळसे घ्यायला लावतात.

चतुराबाईंनी चहा मागवला. ओतताना किटलीच्या आतला पांढरा थर बन्सीधरला दिसला. पाणी गिरणीच्याच विहिरीचं होतं, पिंपातही तेच खेळणार होतं. त्याच्या मनात आलं, असाच थर नळ्यांच्या बाहेर धरला, तर त्या दाटीत ना हात जाणार, ना ब्रश. नळ्यांच्या आत मात्र सळई घालता येते.

पण पिंपाचा नकाशा मुंबईच्या मोठ्या साहेबांचा होता, आणि जोडण्या बदलायच्या तर गिरणी थांबणार होती. आवारात सरकीचे ढीग लागले होते. चहा तसाच ठेवून त्यानं बाईंना सगळं सांगितलं.

"मग पाणी नळ्यांत अन् तेल बाहेर सोडलं तर?"

"तेल दाट असतं. पट्ट्यांमधून वळसे घेत गेलं तर गार व्हायला हवं."

"व्हायला हवं?"

"खात्री नाही, बाई."

चतुराबाई ढिगांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "करा."

जोडण्या बदलेपर्यंत गिरणी बंद राहिली. त्या दिवसांत बन्सीधरशी कुणी धड बोललं नाही. मग तेल सुरू झालं, आणि हात लावता येईल इतकं कोमट बाहेर आलं.

उन्हाळ्यात पिंपाचं झाकण उघडलं. नळ्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या. बन्सीधरनं एका नळीत सळई घातली. पलीकडं भुकटी पडली, आणि नळीतून उजेड आला.

चतुराबाईंनी त्या नळीला डोळा लावला.

"पाण्याचं कळलं. पण बाहेरून तेल कसं वळत जात असंल? तुमी बघितलंय?"

"कागदावर. खरं मीही नाही पाहिलेलं."

चतुराबाई जरा बाजूला सरकल्या, आणि बन्सीधर त्यांच्या शेजारी वाकून पुढची नळी सळईनं मोकळी करून तिच्यातून बघू लागला.