नाव खरं की खोटं

"आजी रोज या यंत्रावर बोट ठेवून स्वतःचं नाव सांगायच्या," वृद्धाश्रमाच्या शेवंताबाई म्हणाल्या. "आणि यंत्र रोज म्हणायचं, खोटं."

मृण्मयी यंत्राकडे बघत राहिली. ते तिनेच घडवलं होतं. बोट कुणाचं, हे ते कुणालाच सांगत नसे. सांगितलेलं नाव खरं की खोटं, एवढंच. लोकांची खासगी माहिती जपल्याबद्दल तिला पुरस्कार मिळाला होता. स्मृतिभ्रंशात घर सोडून हरवलेली तिची आई मात्र आज तीन वर्षांनी सापडत होती.

"कोणतं नाव सांगायची?"

"द्वारका मोकाशी."

आईचं माहेरचं नाव, लग्नात पुसलेलं. यंत्राला ठाऊक होती ती सुनीती चौबळ.

मृण्मयी आईपुढे बसली. "आई, तुझं नाव काय गं?"

आईने घाबरून यंत्राकडे पाहिलं. "ते म्हणेल ते."