जवळ उगवलेलं

पर्यावरण वाचवायचं तर माणसानं जवळ उगवलेलंच खावं, असं मनस्वीताईंचं ठाम मत. म्हणून त्या मुंबईहून शंभर किलोमीटर गाडी हाकत उंबरमाळीला मैनाबाईच्या दारात आल्या आणि तिनं पहाटेपासून रान तुडवून आणलेल्या शेवळं या रानभाजीच्या साऱ्या जुड्या, भाजीनं सुटणारी घशाची खाज मारणाऱ्या काकडाच्या फळांसकट, वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवायला उचलल्या.

निघताना ओटीवर मैनाबाईची नात पाकिटातले नूडल्स खाताना दिसली.

“अगं बाई! प्लॅस्टिक, पाम तेल... निसर्गाचा जरा तरी विचार करा, मैनाबाई. रानात एवढी शेवळं असताना लेकराला हे देता?”

मैनाबाईनं रिकामी पाटी झटकली.

“रानात आता नाय, ताई. तुमच्या डिकीत हायेत.”