खुब्यातला अहंकार

"हाड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, गोठलेला अहंकार आहे!" तिरुमलय्या गरजले. "मन वितळलं की हाड वाकतं. न वाकणारं हाड मी आजवर पाहिलेलं नाही."

त्याच क्षणी कोपऱ्यातल्या सांगाड्याचा खालचा जबडा निखळून जमिनीवर पडला.

सांगाडा त्यांच्या मुलीच्या कॉलेजातला. चित्कला हाडांची डॉक्टर. योगशिक्षक होऊ घातलेल्यांना शरीरशास्त्राचे चार शब्द सांगायला ती वडिलांच्या योगशाळेत आली होती. आदल्या दिवशीच्या आयुधपूजेत कनकम्मांनी स्कूटर आणि विळीबरोबर सांगाड्यालाही कुंकू लावून शेवंतीची माळ घातली होती. लेकीचं हत्यार ते. माळ घालतानाच जबड्याची तार सैल झाली होती, हे कनकम्मांना ठाऊक होतं. पण नवरा बोलत असताना मध्ये बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्या मागे चौरंगावर बसून ताटं सजवत होत्या. प्रत्येक ताटात नारळ, विड्याची पानं, सुपारी. विजयादशमीला गुरूच्या हातून हे ताट मिळालं की शिष्याला शिकवायची परवानगी. अट एकच: पद्मासन जमलं पाहिजे. म्हैसुरातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका कनकम्मांच्या कधीच्या मागे लागल्या होत्या, 'संध्याकाळी तुम्हीच आम्हाला शिकवा.' पण कनकम्मांचा उजवा गुडघा काही जमिनीला टेकत नव्हता. "पुढच्या दसऱ्याला, कनका," तिरुमलय्या दर दसऱ्याला प्रेमाने म्हणत. सकाळी तो गुडघा ते स्वतः दाबून बघत आणि रात्री स्वतःच त्याला तेल चोळून देत.

"अम्मा, जरा इकडे ये. आडवी हो," चित्कला म्हणाली.

"साडीत?"

"हाडांना साडी दिसत नाही गं."

कनकम्मा चटईवर आडव्या झाल्या. चित्कलाने शेजारी एका धिप्पाड शिष्यालाही झोपवलं.

"अप्पा, आधी याचा पाय गुडघ्यात वाकवा आणि मांडी बाहेरच्या बाजूला फिरवा. शेवटी कसं लागतं?"

तिरुमलय्यांनी फिरवली. "रबर ताणल्यासारखं."

"ते स्नायू. ताणले की हळूहळू सैल होतील. आता अम्माची मांडी फिरवा."

तिरुमलय्यांनी बायकोचा पाय उचलला. मांडी थोडी फिरली आणि थांबली. दार चौकटीला लागून थांबतं तशी.

"हे हाडावर हाड," चित्कला म्हणाली. "अम्माच्या खुब्याची खोबणच तशी आहे. जन्मभर ढकललीत तरी मांडी इथेच थांबणार, आणि तुमचा सगळा जोर बिचारा गुडघा सोसणार."

"कुठलंही हाड—" तिरुमलय्यांनी सुरुवात केली आणि मांडी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग आणखी एकदा, अगदी हलकेच.

खालून कनकम्मांना त्यांच्या फक्त नाकपुड्या दिसत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा चेहरा वाचायला तेवढं पुरेसं होतं.

"ही जागा माझ्या ओळखीची आहे," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी भेटायची. मी हिला अहंकार म्हणायचो."

"अहंकार होताच की," कनकम्मा छताकडे बघत म्हणाल्या. "फक्त माझ्या खुब्यात नव्हता."

धिप्पाड शिष्याला आडव्या आडव्याच ठसका लागला. बाकीचे सांगाड्याकडे बघू लागले. हसायला त्याच्याकडे आता अर्धंच तोंड होतं.

तिरुमलय्या हसले नाहीत. एका हातात बायकोचा पाय तसाच धरून ते वाकले, दुसऱ्या हाताने हाताशी लागलं ते ताट ओढलं आणि ठेवायला दुसरी जागा न दिसल्यामुळे तिच्या पोटावर ठेवलं. तिच्या श्वासाबरोबर नारळ वरखाली होऊ लागला.

"संध्याकाळचा बायकांचा वर्ग आजपासून तुझा," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि आवाज भरून आला की त्यांना भाषण सुचत असे. "कनका, आज मला एक सत्य उमगलं. देह हाच खरा गुरू! आणि गुरूपुढे माणसाने—"

"हो, अहो, घेईन वर्ग," कनकम्मा म्हणाल्या. "आधी माझा पाय तेवढा खाली ठेवा. मुंग्या आल्यात."